हायनेस सीबी३५०: १५ लिटरात नेमकं जातं किती लांब?

होंडाच्या हायनेस सीबी३५०ची टाकी १५ लिटरची आहे. ही गाडी घेतल्यापासून मला आवाजाबद्दल, पिकअपबद्दल फारसं कुणी विचारत नाही. विचारतात ते एकच, 'फुल्ल टाकीत किती जाते?' उत्तर आधीच देऊन टाकतो: माझ्या कामाच्या रस्त्यांवर ४०० किलोमीटर बिनघोर, ४५० डोळा ठेवून, आणि त्यापुढं ज्याची त्याची जबाबदारी. गाडी घेताना लोक '१५ गुणिले ४०, झाले ६००' असा हिशोब करतात. गुणाकार बरोबर आहे. पण ते ४० कुठल्या रस्त्यावरचे, आणि ते १५ लिटर सगळेच्या सगळे वापरायला मिळतात का, हे कोण विचारतो?

माझा धंदा सांगितला की टाकीची एवढी खोड मला का, ते कळेल. गावोगावच्या दूध संस्थांची फॅट मशीन आणि इलेक्ट्रॉनिक वजनकाटे मी दुरुस्त करतो. सकाळचं संकलन सुरू व्हायच्या आत मशीन चालू पाहिजे, नाही तर सेक्रेटरीचा फोन आणि किटल्या घेऊन रांगेत थांबलेल्या लोकांची भाषा, दोन्ही ऐकावी लागते. म्हणजे पहाटे चारला कोल्हापूर सोडायचं. त्या वेळी फुलेवाडी नाका ओलांडून गगनबावड्याच्या अंगाला, नाही तर गडहिंग्लजच्या पुढं चंदगडच्या अंगाला, पंप उघडा मिळेल असं धरून निघायचं नसतं. टाकीत काय आहे ते आदल्या रात्रीच माहीत पाहिजे.

शिवाय यंत्राच्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, यावरच माझं पोट आहे. फॅट मशीननं ६.५ दाखवलं म्हणजे दुधाला ६.५च फॅट आहे असं होत नाही. फॅट माहीत असलेलं दूध घालून मशीन ताडून बघावं लागतं, आणि ते खालच्या फॅटला आणि वरच्या फॅटला वेगवेगळं चुकतं. गाडीच्या पेट्रोल मीटरला मी तोच कायदा लावला.

गाडीची बाकीची माहिती थोडक्यात उरकतो, कारण ती सगळीकडं मिळते. २०२०च्या सप्टेंबरात ही बाजारात आली. ३४८ सीसीचं एकच सिलिंडर, २१ पीएस ताकद, आणि ३० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, तोही इंजिन सावकाश फिरत असताना, ३००० आरपीएमलाच. पाच गिअर, दोन्ही चाकांना एबीएस, वजन १८१ किलो. टॉर्क इतक्या खाली मिळत असल्यामुळं गिअर सारखे पाडावे लागत नाहीत. मागं हत्यारांची पेटी बांधून मी पाचव्यात पन्नासनं निवांत जातो आणि गाडी कुरकुर करत नाही. ॲव्हरेजला ही गोष्ट फार उपयोगाची आहे. सीट माझ्या उंचीला बरोबर बसते. मागं बसणाऱ्याला कशी वाटते ते घरच्यांना विचारा, त्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

आता मीटर. काटा फक्त वेगाचा, आणि त्या गोलातच एक लहानसा डिजिटल चौकोन. त्यात पेट्रोलच्या दांड्या आहेत. त्याशिवाय बटण दाबून तीन वेगवेगळे आकडे बघता येतात: या क्षणाचं ॲव्हरेज, एकूण चालू ॲव्हरेज, आणि उरलेल्या पेट्रोलवर गाडी अजून किती किलोमीटर जाईल तो अंदाज. हा तिसरा आकडा बघून पुष्कळ जण गाडीवर भाळतात. मीही त्याला नावं ठेवत नाही. पण तो निघतो कसा हे समजून घेतल्याशिवाय त्याच्या भरवशावर घाटात उतरू नका.

गणित साधं आहे. टाकीतला सेन्सर सांगतो पेट्रोल किती उरलं. गाडीचा कॉम्प्युटर सांगतो अलीकडं एका लिटरला किती पळाली. दोन्हीचा गुणाकार पडद्यावर येतो. म्हणजे हा आकडा मागं पडलेल्या रस्त्याचा आहे आणि तुम्हाला जायचं असतं पुढच्या रस्त्यानं. कोल्हापूर ते कागल, निपाणी असा सरळ हायवे असला तर मागचा आणि पुढचा रस्ता सारखाच, त्यामुळं आकडा जवळपास खरा निघतो. पश्चिमेला वळलात की विषय बदलतो.

गगनबावड्याचंच बघा. कोल्हापूरहून ५५ किलोमीटर. बालिंगा, कळे, साळवण, असळज असं जाताना रस्ता हळूहळू चढतो, वळतो, उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगतो. बावड्यातून खाली कोकणात उतरायला दोन वाटा, करूळ आणि भुईबावडा. उतारावर ॲक्सिलरेटर बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवली की इंजेक्शनच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकुमानं पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीत फवारणीच थांबते. चाकं इंजिनाला फिरवत असतात, इंजिन काही पीत नाही. त्या वेळी क्षणाचं ॲव्हरेज एकदम वर जातं आणि एकूण ॲव्हरेजही थोडं वर सरकतं. घाट उतरून वैभववाडीला पोचेपर्यंत 'अजून इतकं जाईल' हा आकडा होता तिथंच असतो, कधी तर वाढलेलाही असतो. पेट्रोल कमी झालं आणि पल्ला वाढला! नवा माणूस खूश होऊन तसाच पुढं तळेऱ्याकडं जातो. संध्याकाळी तोच घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढताना आकडा असा घसरतो की बघवत नाही. उताराची सगळी उधारी चढ वसूल करून घेतो.

म्हणून कोकणात उतरायचं असेल तर माझा हिशोब लिटरला ३० किलोमीटरचा. मिळतात त्यापेक्षा जास्तच, पण ३० धरले की डोकं शांत राहतं. बाकीचे आकडे, माझ्या हाताखालचे, पेटीच्या वजनासकट: शहरात, म्हणजे दाभोळकर कॉर्नर, लक्ष्मीपुरी, रंकाळा असं गिअर बदलत फिरलं की ३२ ते ३३. हायवेला सत्तर-पंचाहत्तरनं ४०, कधी जरा वर. त्याच हायवेला शंभरच्या पुढं ठेवली की ३३वर येते, कारण ही गाडी बसायला सरळ आहे आणि छातीवर येणारा सगळा वारा इंजिनाला ढकलावा लागतो. आजरा-चंदगडच्या वळणांच्या रस्त्याला, रहदारी नसताना, ३८. म्हणजे एकाच टाकीचा पल्ला रस्त्याप्रमाणं शंभर-दीडशे किलोमीटरनं हलतो. टाकी एक लिटर मोठी की लहान, यापेक्षा हा फरक मोठा आहे.

आता दांड्या. बहुतेकांची तक्रार असते की पहिल्या दांड्या हलत नाहीत आणि शेवटच्या पटापट पडतात. हे कुठल्या एका कंपनीचं पाप नव्हे. मोटरसायकलची टाकी चॅसीच्या पाइपावर घोड्याच्या खोगिरासारखी बसते, त्यामुळं तिला खालून मधोमध खाच असते. वरचा भाग रुंद, खाली दोन्ही बाजूंना लोंबणारे अरुंद कप्पे. आत एक तरंगणारा गोळा सळईवर बसवलेला, तो वरखाली झाला की विजेचा रोध बदलतो आणि त्यावरून पडद्यावरच्या दांड्या. गोळ्याला फक्त उंची कळते, लिटर कळत नाहीत. वरच्या रुंद भागात एक लिटर गेलं तर पातळी थोडी उतरते, खालच्या अरुंद भागात तेच लिटर गेलं तर पातळी सपाट्यानं उतरते. त्यात साइड स्टँडवर गाडी डावीकडं कलते, घाटात नाक वर होतं, आणि दांडी एकदा येते एकदा जाते. म्हणून दांड्या बघायच्या त्या गाडी सरळ उभी करून, चावी फिरवल्यावर थोडं थांबून. चालत्या गाडीवर चढात दिसलेल्या दांडीला मी मोजत नाही.

मग शेवटची दांडी लुकलुकायला लागते तेव्हा टाकीत असतं किती? हे मी ताडून घेतलं, आणि ही गाडी असलेल्या प्रत्येकानं आपल्या गाडीपुरतं ताडून घ्यावं. दांडी लुकलुकली की ट्रिप बी (ट्रिप मीटर म्हणजे हवा तेव्हा शून्य करता येणारा किलोमीटरचा आकडा, ते दोन असतात, ए आणि बी) शून्य करायचा आणि जवळच्या पंपावर जाऊन गाडी सरळ उभी धरून नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत भरायचं. पंपावरचा पोरगा 'झिरो बघा' म्हणतो तेव्हा झिरो बघा, आणि संपल्यावर लिटर बघा. बहुतेक जण रुपयेच बघतात. माझ्या गाडीत साडेबाराच्या आगंमागं बसतं. म्हणजे लुकलुक सुरू होते तेव्हा दोन-अडीच लिटर शिल्लक. ३०नं धरलं तरी साठ किलोमीटरच्या वर. भरपूर झाले. फक्त त्यातलं शेवटचं अर्धं लिटर माझं नाही असं मी समजतो. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप टाकीच्या आतच असतो आणि भोवतालचं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. टाकी पार कोरडी करायची सवय लागली की तो तापतो, आणि तळाचा गाळही ओढतो. त्या पंपाची किंमत एकदा विचारून या.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत बरं होतं. डाव्या गुडघ्याखाली पेट्रोलचा कॉक असायचा. त्यात दोन नळ्या, एक उंच, एक आखूड. उंच नळीच्या खाली पेट्रोल गेलं की गाडी आचके द्यायची, चालत्या गाडीवरच डावा हात खाली घालून कॉक रिझर्व्हला फिरवायचा, आणि त्या क्षणापासून किती लिटर उरलं हे पक्कं माहीत. ना सेन्सर, ना पडदा. माझी आधीची शंभर सीसीची तशीच होती आणि तिचा रिझर्व्ह कधी फसवायचा नाही, फक्त भरल्यावर कॉक परत ऑनला आणायला विसरायचं नाही. नव्या गाड्यांत तो कॉक गेला. त्याची जागा दिव्यानं आणि आकड्यानं घेतली, पण तो आचका जसा खरं बोलायचा तसं हे बोलत नाहीत.

म्हणून मी ट्रिप ए फक्त पेट्रोलसाठी राखून ठेवलाय. टाकी फुल्ल केली की शून्य. घरात कुणी गाडी नेली तरी त्याला हात लावायचा नाही, हे पोराला बजावून सांगितलंय. ३५० दिसले की पुढचा पंप कुठं हे डोक्यात घ्यायचं, ४०० दिसले की भरायचं. कोकणात उतरून फिरायचं असेल तर हेच आकडे शंभरनं कमी. दांड्या आणि पल्ल्याचा आकडा हे साक्षीदार. तिघांचं जमत असलं तर पुढं जायचं, न जमलं तर ट्रिप मीटरचं ऐकायचं. वेगाच्या आणि अंतराच्या मीटरमध्येही थोडा फरक असतो, पण हायवेच्या किलोमीटरच्या दगडांशी मी ताडलंय, काळजी करण्यासारखा नाही.

भरण्याबद्दल दोन गोष्टी. पहिली, नोझल बंद झाल्यावर 'अजून बसतंय' म्हणून गळ्यापर्यंत भरू नका. पेट्रोल तापलं की फुगतं. पहाटेच्या गारव्यात १५ लिटर भरून गाडी दुपारी उन्हात लावली आणि पेट्रोल १५ अंशांनी तापलं, तर जवळपास पाव लिटरनं वाढतं. ते जाणार कुठं? बीएस६ गाड्यांत वाफ शोषायला कोळशाचा डबा असतो, त्यात पेट्रोल गेलं की तो बाद. दुसरी, माप कमी वाटलं तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, ते मागायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. भांडायची गरज नाही, नुसतं माप मागायचं. मी वजनकाट्याचा माणूस, मला मागताना लाज वाटत नाही.

आणि इथेनॉल. आता मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळं नुसत्या गणितानं मिसळलेल्या लिटरात सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. माझ्या वहीत फरक त्याहून कमी दिसतो, पण दिसतो. आपल्या जिल्ह्यात यावर जोरात बोलायची पंचाईत आहे, कारण निम्मं गाव ऊस लावतं आणि कारखाना इथेनॉल काढतो. एका संस्थेत मी ॲव्हरेज घटल्याची गोष्ट काढली तर चेअरमन म्हणाले, "भावा, तुझ्या टाकीत आमचाच ऊस हाय, गोड मानून घे." घेतला. पावसाळ्यात मात्र टाकीच्या झाकणाचं रबर तपासत जा. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जास्त झालं की पाण्यासकट तळाला बसतं.

पावसाळ्यावरून आठवलं. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरचा माणूस सकाळी उठल्या उठल्या राजाराम बंधाऱ्यावर नदीचं पाणी किती फूट आलं ते बघतो. पंचगंगा ३९ फुटांवर इशारा, ४३वर धोका. २०१९ला ती ५५च्या वर गेली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहरात टँकर येईनात. पंपांवर पेट्रोलसाठी रांगा लागल्या. २०२१च्या जुलैत परत महामार्ग बंद. ही गाडी माझ्याकडं त्यानंतर आली, पण ती निवडताना १३ लिटरवाल्या गाड्या मागं पडल्या त्या याच कारणानं. इशाऱ्याची पातळी आली की मी टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देत नाही. निम्मी टाकी म्हणजे शहरात सव्वादोनशे किलोमीटर. पूर ओसरेपर्यंत पुरतात, कारण जायला रस्तेच कुठं असतात?

दुसऱ्या गाड्यांशी तुलना करायची तर नुसत्या टाक्या मोजू नका. स्प्लेंडर प्लसची टाकी ९.८ लिटरची, प्लॅटिना १००ची ११ची. लिटरला साठच्या वर देणारी गाडी दहा लिटरात सहाशे गाठते आणि माझी पंधरात साडेचारशेवर दमते. पल्ला आणि खर्च एवढंच बघायचं असेल तर साडेतीनशे सीसी घेऊच नका, स्प्लेंडरवाला तुम्हाला हसेल आणि त्याचं बरोबर असेल. ही गाडी मी घेतली ती पेटीचं वजन, चढ आणि दिवसभराच्या बसण्यासाठी. चंदगडला जाऊन, चार गावं फिरून, तीनशे किलोमीटर करून रात्री घरी आलो तरी पाठ शाबूत असते आणि टाकीत दुसऱ्या दिवशीची सकाळ असते. तेवढ्यासाठी जास्तीचे लिटर मी आनंदानं भरतो.

वजनाचंही सांगतो, कारण कुणी बोलत नाही. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या जरा खाली भरतं, म्हणजे भरलेल्या टाकीत अकरा किलो. ते सगळं वर, हँडलच्या मागं. फुल्ल टाकीवर पार्किंगमधून गाडी मागं ओढताना ते जाणवतं, कमी उंचीच्या माणसाला जास्तच. टेस्ट राइडची गाडी बहुतेक वेळा रिकाम्या टाकीची असते, हे लक्षात ठेवा.

टेस्ट राइडला गेलात तर वेगात पळवून बघण्याआधी विक्रेत्याला ते तिन्ही आकडे बटण दाबून दाखवायला सांगा. हातमोजा घालून बटण दाबता येतं का, दुपारच्या उन्हात आकडा वाचता येतो का, हे स्वतः बघा. माझ्या चाळिशीच्या डोळ्यांना आकडे बारीक वाटतात. आणि जुनी घेणार असाल तर चावी फिरवून दांड्या मोजा, मग गाडी साइड स्टँडवरून सरळ करा, थोडं थांबा, परत मोजा. जरासा फरक पडला तर सेन्सर जिवंत आहे. भलताच पडला, किंवा टाकी हलवल्यावर आत खळखळ ऐकू येते आणि दांडी एकच दिसते, तर गोळा अडकलाय असं समजा आणि तेवढे पैसे कमी करून मागा.